रेषेवर आणलेला आवाज

“हा श्वास बघ. शी!” वरद म्हणाला. स्क्रीनवर रुचिराचा आवाज वरखाली होत लांबवर पसरला होता. त्यातला एक बारीकसा फुगवटा त्यानं माउसनं पकडला आणि उडवला. मग पुढचा. मग त्याच्याही पुढचा. “गाणारीचा श्वास ऐकू येणं म्हणजे अगदीच गावठी.”

रुचिरा मागे पलंगावर बसून होती. श्वास तिचा होता, पण तिला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

हे महाशय दिवसभर द्रोणागिरीच्या बंदराजवळच्या एका गोदामात कंटेनर कुठून आले आणि कुठे गेले ते कॉम्प्युटरवर भरत. घरी आले की साउंड इंजिनिअर! नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, झाला स्टुडिओ. चार व्हिडिओ बघितले, झालं शिक्षण. स्वतःला सूर म्हणाल तर आरतीतसुद्धा लागत नसे. पण दुसऱ्याचा कुठे चुकतो ते तो छातीठोकपणे सांगे, कारण सॉफ्टवेअर त्याला ते लाल रंगात दाखवी.

रुचिरा लहानपणापासून गाणं शिकलेली. लग्नानंतर मात्र सोसायटीच्या गणपतीत एखादं गाणं म्हणण्यापुरती उरली होती. आणि आता पुण्याच्या संगीतकार शशिकला मॅडमना एका मालिकेच्या शीर्षकगीतासाठी नवा आवाज हवा होता. कुणीतरी रुचिराचं नाव सुचवलं. मॅडमनी चाल पाठवली, रेकॉर्ड करून पाठवा म्हणाल्या. अशी संधी तिला आजवर कुणी दिली नव्हती, आणि पुढे कुणी देईल असंही तिला वाटत नव्हतं.

ती एसटी स्टँडमागच्या अबरारच्या स्टुडिओत जाऊन गायली. “भाभी, माशाल्ला, आवाज एकदम साफ आहे,” अबरार म्हणाला. “थोडं लेव्हल करून देतो, दुपारी न्या.” वरदनं नाक मुरडलं. हळदीची गाणी करणाऱ्याच्या हातात माझ्या बायकोचं गाणं? त्यानं पेनड्राइव्ह पुढे केला आणि सगळं घरी उचलून आणलं. माझ्या बायकोचं गाणं, म्हणे! एरवी ती रियाजाला बसली की हाच टीव्हीचा आवाज वाढवायचा.

श्वास संपले, मग सुरांची पाळी आली. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सुराची एक सरळ रेषा असते. रुचिराचा आवाज त्या रेषांवर गप्प बसत नव्हता. एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जायचा, मधेच हलकासा झोका घ्यायचा. तिच्या गाण्याच्या बाईंनी वर्षानुवर्षं तिच्याकडून घोटून घेतलं होतं ते हेच.

“अरे, ती मींड आहे,” रुचिरा म्हणाली. “ती चूक नाहीये.”

“लाल दिसतंय ना? मग चूकच.”

त्यानं एकेक सूर चिमटीत धरून रेषेवर नेऊन ठेवला. हळू म्हटलेली ओळ वर ओढली, मोठ्यानं म्हटलेली खाली दाबली, दोन्ही एकाच मापाच्या करून टाकल्या. याला तो मास्टरिंग म्हणत होता. मग खुर्चीत मागे रेलून त्यानं गाणं लावलं, आणि स्वतःच मान डोलावली.

रुचिराला रडू कोसळायचं बाकी राहिलं. चाल तीच, शब्द तेच, आवाजही म्हणायला तिचाच. पण स्टेशनवर गाडीची घोषणा करतात ना, तसं ते चाललं होतं.

“वरद, ही मी नाहीये रे.”

“करेक्ट. तुझ्यापेक्षा बरी आहे.”

आणि त्यानं तिच्याच मेलवरून गाणं पाठवूनही दिलं. तिच्या आमटीतला गूळ, तिचं फोनवरचं मोठ्यानं हसणं, चारचौघांत बोलणं, सगळंच त्यानं असं सुधारत आणलं होतं. भांडण नको म्हणून तीही सुधारत गेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शशिकला मॅडमचा फोन आला. वरदनं तिला स्पीकर लावायला लावला. कौतुक ऐकायचं होतं ना!

“रुचिरा, सॉरी, हे मी घेणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “मशीनकडून गाऊन घेतलेलं आम्ही घेत नाही. हल्ली रोज येतात असली, दोन ओळींत कळतात. मला माणूस हवाय हो.”

वरद पुढे सरसावला. “मॅडम, त्याचं काय आहे, मी जरा—”

“तुम्ही कोण?”

वरदनं घसा खाकरला. कॉलर नीट केली.

रुचिरानं फोन उचलला. “मॅडम, एक मिनिट ऐकाल?” म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता उभ्याउभ्या गायला लागली. ना माइक, ना तबला. खाली रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. तिचा सूर घरंगळला, झोका घेऊन खालच्या सुरावर टेकला. वरदनं हातानं खुणा केल्या, हळू, हळू, लोक ऐकतील. तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि अंतराही म्हटला.

गाणं संपलं. वरद पुटपुटला, “कट झाला वाटतं.”

“नाही झाला,” मॅडम म्हणाल्या. “रुचिरा, गुरुवारी पुण्याला या. तुम्हीच गाताय हे गाणं. पण मला एक सांगा, असा गळा असताना ते कालचं कुठल्या मशीननं करून पाठवलंत?”

“मशीननं नाही, मॅडम,” रुचिरा म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं.”