तुलनेचा पाडा
छत्तीस सालच्या कार्तिकात सलाउद्दीन दर मंगळवारी सकाळी पेठजवळच्या एका पाड्यावर जाई आणि झोपड्यांच्या भिंतींवर बसलेले डास काचेच्या नळीत धरून नाशिकला हिवताप खात्याच्या कचेरीत मोजणीसाठी नेई. सगळ्यात जास्त डास कुसाबाईच्या झोपडीत सापडत. तिची सहा वर्षांची बुधी हिवतापानं कोपऱ्यात कुडकुडत पडलेली असे. "डाक्टर, पोरीला कायतरी द्या," कुसाबाई म्हणायची. तो डॉक्टर नव्हता. त्यानं नाशिकला खात्याच्या डॉक्टरसाहेबांकडे बुधीसाठी कोयनेल, हिवतापावरचं औषध, मागितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "शेजारच्या गावात आपण औषध देतो, डबक्यांवर तेल टाकतो. त्याचा गुण किती आला, ते त्या पाड्याशी ताडून पाहिल्यावरच कळेल. मोजणी संपेपर्यंत तिथं काही द्यायचं नाही." पुढच्या मंगळवारी सलाउद्दीननं पेठच्या पोस्टातून, तिथं तेव्हा कोयनेल विकायला असे, स्वतःच पुड्या विकत घेतल्या आणि जवळजवळ धावतच पाडा गाठला. झोपडीतला कोपरा रिकामा होता. "परवा गेली," कुसाबाई म्हणाली. त्यानं पुढे केलेल्या पुड्यांकडे तिनं पाहिलंही नाही. "धुरानं डास पळतील, मोजणी बिघडंल, घरात धूर करू नका, असं तुम्हीच म्हनला होता. म्या नाय केला. पोर थंडीनं कापायची, तरी चूल भायेर मांडली." मग तिनं चिमणी उचलून अंधाऱ्या भिंतीजवळ धरली. "आज लय हायेत. घ्या धरून." सलाउद्दीननं पिशवीतून नळी काढली, पण त्याचा हात भिंतीपर्यंत गेलाच नाही. कुसाबाई चिमणी धरून तशीच उभी राहिली.