काळे केस

“काळा नको भाऊ, लगेच ओळखू येतो. ब्राऊन लावू का?” सलूनवाल्यानं विचारलं.

“काळाच लाव. उद्या मुलीकडचे दादाला बघायला येणारेत,” माझी बहीण विमल बाकावरून म्हणाली. “बिजवर असला म्हणून काय म्हातारा दिसायचा?”

माझ्या पाच वर्षांच्या रेवाला आई हवी, म्हणून मी डोकं पुढं केलं.

घरी आल्यावर रेवा माझ्या डोक्याकडे बघून हसली आणि आत पळाली. तिची आई माहेरी गेली की मी असेच केस काळे करून तिला आणायला जायचो. ती वारली तेव्हाही विमलनं रेवाला, आई माहेरी गेलीय, असंच सांगितलं होतं.

रेवा नवा फ्रॉक घालून आली. “पप्पा, चल ना आईकडं. आत्या, तू पण येतेस?”

विमल भिंतीकडे वळली. मी खाली बसून रेवाच्या सँडलचा पट्टा लावू लागलो.