कोरडी पुरणपोळी

“फोडणीला तेल माझ्याच हातून जास्त पडतंय, डॉक्टर,” शालन ओशाळून म्हणाली. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल या खेपेलाही वाढलेलंच होतं. भालचंद्रराव रिपोर्टमध्ये डोकं खुपसून बसले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पथ्य लागलं, त्याच दिवशी तिनंही तूप सोडलं होतं. “तुमच्या पानात नाही, तर माझ्या कशाला?” आणि भालचंद्रराव रोज सकाळी फिरायला जातो सांगून नाक्यावर दोन गरम वडे हाणत होते!

दुसऱ्या दिवशी होळी. तिनं दोघांच्या पानांत कोरडी पुरणपोळी वाढली. भालचंद्ररावांना राहवेना. नैवेद्यापुरती ठेवलेली तुपाची बरणी आणून त्यांनी तिच्या पोळीवर चांगलं चमचाभर तूप ओतलं.

“अहो, हे काय?”

“तू खा. तुझं काही चुकलेलं नाही गं. मीच रोज सकाळी...”

“वडे खाता. तुमचे तेलकट रुमाल कोण धुतं?”

“मग काल डॉक्टरांपुढे तू...?”

“परक्या माणसासमोर तुम्हाला मान खाली घालायला लावू?”

तिनं ती तुपाची पोळी बाजूला काढून ठेवली आणि स्वतःला दुसरी, कोरडी वाढून घेतली.