खूळ

बासष्टाव्या वर्षी आईने जिम लावली आणि दोन्ही हातांनी केटलबेलचं लोखंडी वजन झुलवायला शिकली. "हे काय खूळ, आई? कंबर मोडली म्हणजे कळेल!" मुलगा फोनवर चिडायचा. आई ऐकून घ्यायची आणि सकाळी पुन्हा जायची. आठ किलोंवरून ती चोवीसवर पोहोचली.

सहा महिन्यांनी मुलगा वर्षभर लकव्याने पलंगावर पडून असलेल्या वडिलांना वृद्धाश्रमात न्यायला गाडी घेऊन आला. "तुला एकटीला बाबा उचलवणार नाहीत. दुसरा इलाज नाही, आई," तो म्हणाला.

आईने गुडघे वाकवले, नवऱ्याच्या पाठीमागे दोन्ही हात गुंफले आणि एका दमात त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवलं.


"सहा महिने इलाजच करत होते. गाडी परत ने."