एका गोळीचं उत्तर

संशोधन केंद्राच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. आतड्यातल्या जिवाणूंच्या आणि जंतांच्या अभ्यासासाठी मी शौचाचा नमुना दिला होता. पत्रात एकच प्रश्न होता: त्याआधी जंताची गोळी घेतली होती का? घेतली होती. नात ईरा गोळी खाईना, म्हणून मीच चावून दाखवली. नमुना देताना सांगायला विसरलो आणि माझ्यामुळे सगळा अभ्यास बिघडला या धास्तीनं गप्प राहिलो. काल पत्र बायकोच्या हाती लागलं. “एवढी पुस्तकं वाचता, अन् चार ओळी लिहाले कावून घाबरून राहिले?” म्हणत तिनं फोन लावून दिला. केंद्रातली मुलगी हसली. “दादाजी, गोली लेनेवालों का अलग ग्रुप है! बस लिखकर भेज दीजिए.” जीव भांड्यात पडला. मी लिहिलं, ‘होय, घेतली. मग नातीनंही घेतली.’ पाकीट आमच्या कोहका वस्तीतल्या टपालपेटीत टाकलं.