सतरा नंबरची खुर्ची

"खुर्चीच्या बुडाला काय चिकटवायलात, मॅडम?" नजीरनं विचारलं.

आरती मॅडम पुण्याहून आल्या होत्या, क्लासच्या ऑफिसातल्या जागेची नवी मांडणी करायला. एक काळी डबी खुर्चीखाली बसवत त्यांनी सांगितलं, की याला सेन्सर म्हणतात. खुर्चीवर वजन आलं की मोबाईलच्या नकाशात ती खुर्ची हिरवी होते. महिनाभर पाहायचं, कोण किती वेळ बसतं. ज्याची खुर्ची निम्मा दिवससुद्धा भरत नाही, त्याला स्वतःचं टेबल मिळणार नाही. रिकामं दिसेल तिथं बसायचं.

"सरांना यातून आणखी एक गोष्ट हवी आहे," मॅडम पुढं सांगू लागल्या. पण नजीर ऐकायला थांबलाच नाही. त्याला जे कळायचं ते कळलं होतं. आज टेबल, उद्या नोकरी.

लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, तो पंचाक्षरी सरांकडं होता. आणि त्याचं काम खुर्चीत होतंच कुठं? रेणापूरहून, बिलोलीहून आलेल्या आईबापांना स्टँडवरून आणायचं, पोरांना खोली बघून द्यायची, कुणाला ताप भरला की दवाखान्यात उशाशी बसायचं. दिवसभर खुर्ची उबवणाऱ्यांना शाबासकी आणि पायाचे तुकडे पाडणाऱ्याचं टेबल उचलायचं! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आणि हे सगळं सरांच्या डोक्यातलं, याचंच त्याला जास्त लागलं. सर किल्लारीकडचे. भूकंपात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, पण त्यावर ते चकार शब्द काढत नसत. माणूस मोजमापाचा. सहलीची बस निघाली की पोरं दोनदा मोजायचे, एकदा चढताना आणि एकदा दार लागल्यावर. उन्हाळ्यात त्यांनी दाराजवळची सगळी कपाटं मागं हलवली, जिन्याची वाट मोकळी केली. आता माणसं हलवायची बारी आली, असं नजीर म्हणाला.

काउंटरवरच्या सिंधुताईंनी समजावून पाहिलं. "सर तसे न्हाईत, नजीरभाई. एकदा विचारून तर बघा."

"बावीस वर्षं राबलो, अन् आता माझी खुर्ची ठेवा म्हणून हात जोडू? न्हाई जोडणार. मशीनला वजन पायजे ना? वजन देतो."

दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या पायदानावर तूरडाळीचा कट्टा घेऊन तो हजर. साडू अकरम डाळमिलमध्ये होता, त्याच्याकडून आणलेलं चांगलं तीस किलोचं पोतं. नजीरचं टेबल वरच्या मजल्यावर, मागं हलवलेल्या कपाटांच्या आड. सतरा नंबरच्या खुर्चीत त्यानं कट्टा पाहुण्यासारखा बसवला, वरून आपलं जर्किन घातलं आणि छाती काढून स्टँडवर निघून गेला. संध्याकाळी कट्टा टेबलाखाली, सकाळी पुन्हा गादीवर. घरी बायको हुसेनबी रोज विचारायची, की आणलेली डाळ कुठं मुरली? ती ऑफिसात कामाला लागलीय, म्हणून तो सांगायचा.

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. नव्वद टक्के! सगळ्या ऑफिसात सतरा नंबरची खुर्चीच जास्त भरलेली.

"मंग? एकदा टेकलो की उठतच न्हाई मी," नजीर म्हणाला. फोन स्टँडवरूनच घेतला होता. सिंधुताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. नजीरची डाळ चांगली शिजली होती.

मंगळवारी दुपारी तो बिलोलीच्या एका बापाला घेऊन समोरच्या टपरीवर चहा पीत होता. टपरीवरच्या बरण्या किणकिणल्या. पाठोपाठ जमिनीतून तो आवाज आला. लातूरच्या माणसाला तो आवाज कुणी समजावून सांगावा लागत नाही. मिनिटभरात सगळं ऑफिस रस्त्यावर आलं. क्लासची पोरं आधीच मैदानात पळाली होती. गर्दी एवढी झाली, की नजीर टपरीच्या मागंच अडकला.

सर पायरीवर उभे होते. गर्दीकडं पाहत नव्हते, हातातल्या मोबाईलकडं पाहत होते. एकाएकी ते वळले आणि जिन्यानं वर धावत सुटले. मोबाईल हातातून निसटून पायरीवर पडला, तो उचलायलाही ते थांबले नाहीत.

"सर, नका जाऊ!" सिंधुताई ओरडल्या.

गेले असतील कॉम्प्युटर वाचवायला, नजीरच्या मनात आलं. माणसापेक्षा मशीन प्यारं. जाऊ द्या.

मग दुसरा धक्का बसला. वरच्या मजल्यावर कपाटं कोसळल्याचा आवाज झाला आणि खिडकीतून धुळीचा लोट बाहेर आला. माणसं मागं सरली. नजीर कशी वाट काढत पुढं आला ते त्यालाच कळलं नाही. त्यानं पायरीवरचा मोबाईल उचलला.

पडद्यावर ऑफिसचा नकाशा होता. सगळ्या खुर्च्या करड्या होत्या, एकटी सतरा नंबरची हिरवी. आणि वर ठळक मराठीत लिहिलं होतं : भूकंपाच्या वेळी आत राहिलेली माणसं – एक.