चव्वेचाळिसावा

"उतर खाली, लमार," चर्चचं कामकाज बघणारा डीकन एझ्रा टिडवेल म्हणाला. "तुला या गाडीत जागा नाही."

चर्चची गाडी मतदानाला निघाली होती. चाळिशीतल्या लमार स्पिव्हीचा एक पाय पायरीवर होता. अंगात इस्त्रीचा सदरा.

"शिक्षा भोगून झाली माझी, डीकन. दोन वर्षं झाली सुटून. कोंबड्यांच्या कारखान्यातला एकजण म्हणतो, आता चालतं."

"तो एकजण तुझ्याऐवजी आत जाणार आहे का? तुरुंग बघितलेल्याला इथे मत नसतं. टाकलंस तर पुन्हा पाच वर्षं. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. सुटताना त्याला दारावरच्या शिपायाने बजावलं होतं."

"जा बाबा घरी," मागच्या बाकावरून सिस्टर हॅटी म्हणाली. "तुझ्या वाटचं आम्ही म्हाताऱ्या देतो."

लमारने पाय काढून घेतला. गाडी निघाली.

भांडण नऊ नंबरच्या बसचं होतं. शहराला नवं बेसबॉलचं मैदान हवं होतं आणि मैदानाला गाड्या लावायला जागा. त्यासाठी पैसा काढायचा कुठून? तर नऊ नंबर बंद करून. ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या, त्यांनीच ठरवायचं की बसची कोणाला गरज नाही! नगरसभेत चार इकडे, चार तिकडे. नववी जागा या प्रभागाची. एका बाजूला घरं विकणारा ग्रेडी व्हिटलॉक, दुसऱ्या बाजूला, बस राहावी म्हणून उभी असलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेली ओडेसा प्रुइट.

एझ्राची बायको व्हर्नेल आठवड्यातून तीनदा त्याच बसने डायलिसिसला जायची. एझ्रा टायरच्या कारखान्यात दिवसपाळीला. त्याने एवढी मतदानाच्या मंगळवारची रजा काढली होती.

सकाळी सातपासून त्याने फेऱ्या मारल्या. काठ्या धरल्या, चाकाच्या खुर्च्या उचलल्या. माणसं आत जायची, तो बाहेर पिकानच्या झाडाखाली गाडीपाशी थांबायचा. शेवटची फेरी संध्याकाळी सातला दहा कमी असताना, मतदान बंद व्हायच्या आत पोचली. त्रेचाळीस माणसं झाली. सिस्टर हॅटीने 'मी मत दिलं' असं छापलेला आपला स्टिकर सोलून त्याच्या कोटावर चिकटवला.

"राहू दे. तुझ्याच कमाईचा आहे."

ओडेसा एका मताने पडली. व्हिटलॉक आठशे बारा, ओडेसा आठशे अकरा. मतं पुन्हा मोजली, तरी तेच.

शुक्रवारी चर्चच्या मागच्या खोलीत मासे तळले होते. तोंडं मात्र मयताला आल्यासारखी. ओडेसा स्वतः सगळ्यांना वाढत होती, जणू दोष तिचाच.

"एक मत!" क्लिओफस न्हावी ताटलीवर काटा आपटून म्हणाला. "आणि हा बघा, दोन माशांवर आडवा हात मारतोय. काय रे लमार, मंगळवारी कुठे तोंड काळं केलं होतंस? खायला पुढे आणि मताला मागे!"

कोणीतरी हसलं. लमारने एझ्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गाडीतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. एझ्राने मक्याचं भजं मोडलं, त्याचे आणखी तुकडे केले. लमार ताटली तशीच ठेवून निघून गेला.

"पहिल्या तारखेपासून बस बंद," व्हर्नेल हळूच म्हणाली. "मग मी जायचं कसं रे?"

"मी रात्रपाळी मागून घेतो."

"या वयात? आणि झोपणार कधी?" तिने त्याच्या कोटावरचा स्टिकर बोटाने नीट बसवला. "जाऊ दे. तू काही कमी केलं नाहीस. त्रेचाळीस तू नेलेस, चव्वेचाळिसावा तू स्वतः."

पाद्री उठून उभे राहिले. "मत कोणाला दिलं ते कळत नाही. पण कोणी दिलंच नाही, ते कळतं. निवडणूक कचेरीत यादी मिळते. पुढच्या रविवारी मी ती वाचून दाखवणार आहे. आपल्यातलं कोण घरी बसलं, ते देवाच्या घरात सगळ्यांना कळू दे."

"मी आणतो यादी," एझ्रा म्हणाला. दुसऱ्या कोणी तोंड उघडायच्या आत म्हणाला.

सोमवारी आणखी एक रजा टाकून, व्हर्नेलला दवाखान्यात सोडून तो निवडणूक कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईने यादी दिली. त्याने ती न वाचताच घडी करून आतल्या खिशात घातली. पण तो हलला नाही.

"आणखी काही?"

"लमार स्पिव्ही म्हणून एकजण आहे. तुरुंगात होता. त्याला मत नाही, हे कुठे लिहून मिळेल का? लोक त्याला उगाच बोलतायत."

"शिक्षा संपली?"

"दोन वर्षं झाली."

"पॅरोल वगैरे? सुटल्यावरची देखरेख?"

"काही नाही."

"मग आहे की मत." तिने एक फॉर्म पुढे सरकवला. "शिक्षा संपली की या राज्यात हक्क परत मिळतो. फक्त नाव नोंदवायचं."

"हे कोणी सांगत का नाही?"

"विचारलं तर सांगतो."

एझ्राने फॉर्म घेतला. त्याचा हात खिडकीच्या फळीवरच राहिला.

"आणखी एकजण आहे. माझ्या ओळखीचा. पोरवयात चोरीत सापडला होता, नदीपलीकडच्या काउंटीत. एक्क्याण्णवला सुटला. त्र्याण्णवला पॅरोलही संपला."

"मग त्र्याण्णवपासून त्याला मत देता आलं असतं." तिने दुसरा फॉर्म ओढून पेन उघडलं. क्षणभर तिची नजर त्याच्या कोटावरच्या स्टिकरवर गेली आणि परत आली. "नाव सांगा त्याचं."

"एझ्रा टिडवेल," डीकन म्हणाला.